कैरो ते कराची

माझ्या दोस्ताचा उजवा हात मी जाळला. तो खरं बोलत होता आणि मी खोटं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आम्ही दोघं सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून एकदमच पलटणीत गेलो. कैरोजवळ विमानतळावर मी विमानांत पेट्रोल भरायचो. रजेवर परतलो ते दोघंही बोटीनं. पंधरवडाभर मी समुद्रावर ओकत होतो.

गावात गुऱ्हाळ चालू होतं. उसाचा रस आटवायच्या मोठ्या काहिलीभोवती सगळे जमले होते. ऐटीत मी बोलून गेलो, "मी इमानानं आलो. सकाळी कैरो सोडलं, दुसऱ्या दिवशी कराचीत जेवलो."

"किती लांब हाय म्हनं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"दोन हजार मैलांच्या वर, आबा."

"आन् मधी पानी कुठं पाजायचं त्याला?"

"बसऱ्याला पेट्रोल पाजत्यात."

हे सगळं वैमानिकांकडून ऐकलेलं. अंतर खरं, वेळही खरी. आत बसलेला मी तेवढा खोटा.

मागून दोस्ताचा आवाज आला, "कसलं इमान रं गड्या? बोटीत माझ्याच बुटात वकलास की!"

सगळे खदखदून हसले. मी त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फुटला, दात रक्तानं भरले, तरी तो म्हणाला, "बूट अजून वास मारतोय." मी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. तो उठतोय तोच दोन्ही हातांनी ढकललं. तो काहिलीवर गेला आणि सावरायला टाकलेला हात कोपरापर्यंत उकळत्या पाकात बुडाला. कुणीतरी पंच्यानं पाक पुसायला गेलं, तर कातडीच पंच्याला चिकटून आली.

मिरजेचा दवाखाना दहा कोसांवर. बैलगाडीनं पोचायला दिवस मावळला. तेवढ्या वेळात विमान बसऱ्याच्या पुढं गेलं असतं, हा हिशेब माझ्या डोक्यात चालला होता आणि गाडीत तो गुरासारखा ओरडत होता. त्याची बोटं कापावी लागली. पलटणीनं त्याला घरी बसवलं.

गावानं मात्र माझंच खरं मानलं. "खोटं असतं तर एवढा खवळला असता व्हय?" लोक म्हणायचे. दोस्ताच्या पोटात दुखतंय, असंही म्हणायचे. मी ऐकून घेतलं आणि रजा संपताच निघून गेलो.

लढाई संपल्यावर परत आलो तेव्हा त्याच गुऱ्हाळात तो डाव्या हातानं काहिलीखालच्या चुलवणात जाळ घालत होता. माणसं तीच होती. मी मोठ्यानं बोललो.

"आबा, समद्यांनी ऐका. मी बोटीनं आलो हुतो. इमानात मी पेट्रोल भरलं, बसलो कवाच न्हाई. ह्याच्याच बुटात वकलो." मग त्याच्यापुढं खाली बसलो. "तू खरं बोललास म्हणून तुझा हात जाळला रं मी. मला माफ कर."