चार नावांचा एक पाय

आमच्या पाण्याच्या टाकीच्या स्टँडचे तीन पाय जोडाचे आहेत आणि एक अखंड. घरातला इंजिनिअर मी आहे.

मी किन्हीराजा या आमच्या गावी घरी बसून एका कंपनीचं काम करतो. यंत्राचा भाग लोखंडात घडवण्याआधी कॉम्प्युटरवर उभा करायचा, त्यावर भार टाकायचा आणि मोडतो का ते पाहायचं. हे सारं आपोआप व्हावं म्हणून प्रोग्राम कसा लिहायचा, ते नव्या पोरांना रोज सकाळी ऑनलाइन शिकवतो. बाबांच्या मते मी दार लावून दिवसभर एकटाच बोलतो. (गावाच्या मते माझी नोकरी गेली आहे आणि घरचे लपवताहेत.)

त्यामुळे आईला स्वयंपाकघरात नळ हवा म्हणून बाबांनी टाकी बसवायचं काढलं, तेव्हा स्टँडचं काम मी हिसकावूनच घेतलं. माझं काम खरं आहे, हे बाबांना एकदा दाखवायचंच होतं. अंगणात तीन पायांखाली सपाट जमीन, चौथ्याखाली फूटभर उंच ओटा. म्हणजे तीन पाय सहा फुटांचे, एक पाच फुटांचा. बाबांनी हे सुतळीने मोजून लगेच सांगितलं. मला चार दिवस लागले.

प्रोग्राममध्ये आधी ‘पाय’ नावाचा साचा केला आणि त्यातून सहा फुटांचा एक पाय काढला. उरलेले तीनही साच्यातून नव्याने काढायचे असतात. पण एवढ्याशा कामाला कोण बसतो! मी त्या पहिल्याच पायाला आणखी तीन नावं दिली आणि चौथ्या नावापुढे पाच फूट लिहिलं. भार टाकला, तर पडद्यावर स्टँड हिरवागार! हिरवा म्हणजे मजबूत. शिवाय देखणाही दिसत होता, कारण चारही पाय पाच फुटांचे झाले होते. तेवढं मात्र मी पाहिलं नाही.

ते शेलूबाजारच्या वेल्डरने पाहिलं. फोन करून विचारलं, चारही सारखेच का? कॉम्प्युटरनं काढलंय, तसंच काप, असं मी जरा आवाज चढवून सांगितलं. (बाबा शेजारीच बसले होते.)

स्टँड जीपवरून आला, चौघांनी उभा केला. एक पाय ओट्यावर, दोन जमिनीवर आणि एक हवेत, कुत्र्यानं खांबापाशी धरावा तसा! शेजारपाजार जमलाच होता. मी घाईघाईने सॉफ्टवेअर कसं दगा देतं ते सांगायला लागलो.

आई वांगी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “तूच त रोज पोराइले सांगते, नुसतं नाव देल्यानं नवी वस्तू होत नाही म्हणून.”

तो विषय वेगळा आहे, मी म्हटलं.

“कायचा वेगळा? तुले मी बाळ्या म्हणते, बाबा गजू म्हणते, शाळेत गजानन. म्हणून मले काय तीन लेकरं हायेत? बाळ्याले ताप आला, का गजाननलेबी आलाच.”

मी आत जाऊन प्रोग्राम उघडला. चूक अक्षरशः तीच होती.

वेल्डरने तीन पायांना फूटफूटभर तुकडे जोडले, टाकी चढली, आईच्या नळाला पाणी आलं. आणि बाबांना माझं काम एकदाचं पटलं. आता कोणी विचारलं, पोरगं घरी बसून करते तरी काय, तर ते मोठ्या अभिमानाने सांगतात, “कॉम्प्युटरचं शिकवते. लय चांगलं शिकवते, त्याच्या मायले सारं समजलं. आता त्याले समजलं का झालं.”