नानांच्या तीन उशा

देवळ्याच्या स्टँडवर एसटी सुरू झाली, तेव्हा माझ्या हातात बावीस ओळींची यादी होती. प्रत्येक ओळीपुढं खूण. नाशिकजवळच्या अंबडला कारखान्यात नोकरी लागली होती. तेवढ्यात माझ्या वडिलांनी, नानांनी, खिडकीतून आपली उशी आत कोंबली. "ही लिहिलीच नाय! तुझ्या यादीत नाय, ते जगातच नाय."

आता अंबडच मुक्काम झालाय. आई गेल्यापासून नाना गावी एकटे. रोज शिफ्टला निघताना फोन आणि ठरलेले प्रश्न: जेवलात? बीपीची गोळी? उत्तर ठरलेलं: "हो गं माय."

यंदा कांदा काढणीला मी गावी गेले, तर त्यांच्या खाटेवर भिंतीला टेकवलेल्या तीन उशा. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा रुतलेला.

"आडवं झालं की दम कोंडतो. बसून झोपतो."

"कधीपासून? फोनवर बोलला का नाहीत?"

"तू कुठं विचारलं? कांदा साठवणीच्या चाळीत पडू दे, मग जाऊ दवाखान्यात."

मी थांबले नाही, गाडी करून त्यांना घेऊन निघाले. नाशिकला पोहोचेपर्यंत त्यांना सलग वाक्य बोलवेना.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं, की रक्त मागं तुंबतं आणि फुप्फुसात पाणी झिरपतं. ऑक्सिजन लावला, लघवीवाटे पाणी काढणारी औषधं दिली. "उशीर केला असता तर अवघड होतं."

म्हणून गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना सांगते. उशा वाढल्या, पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं चढलं, जिना चढताना नव्यानं धाप लागली, तर डॉक्टर गाठा. वयावर ढकलू नका. बसल्या जागी दम लागला, बोलवेना, ओठ निळे पडले, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर घरी थांबूच नका. ॲम्ब्युलन्स बोलवा, तोवर माणसाला बसतं ठेवा.

महिनाभर नाना माझ्याकडं होते. मग म्हणाले, "तुझ्या फ्लॅटात बरंय, पण कांद्याचा वास नाय." निघताना त्यांची ती जुनी उशी मी पुढं केली. त्यांनी परत सारली. "ठेव. मला आता एकच लागते."

माझं घर देवळ्यात की अंबडला, याचा घोळ मी बरीच वर्षं घातला. आता सकाळी फोनवर पहिला प्रश्न असतो, "नाना, किती उशा?"

"एक. जा कामाला."

तेवढं ऐकलं, की दोन्हीकडचं घर जागेवर असतं.