वीतभर अंतरावरचा फ्यूज

वीतमामांच्या दुकानात मोजपट्टी नव्हती. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडमागे ते गाड्यांचं वायरिंग करत आणि सगळी मापं स्वतःच्या वितीने घेत. अंगठा नि करंगळी ताणून ते गाडीत शिरले की गिऱ्हाइकाने गप्प बसायचं. मला ते कधी जमलं नाही.

नव्वदच्या दशकात मी एक जुनी गाडी घेतली. तिला डिझेलचं इंजिन बसवलं, तशी बॉनेटखाली बॅटरीला जागा उरेना आणि ती डिकीत गेली. तिथून पुढे जाड केबल न्यायची होती. बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलेलं, नवरी याच गाडीतून जाणार. मामा मात्र पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबराची कडी बसवत होते, केबलवर बागेतला पाण्याचा पाइप चढवत होते. वर ऐकवत होते, "आमी मिठागरावरची मानसं. खारं वारं लोखंड खातं, तिथं तुमची केबल काय!"

फ्यूजवरून तर आमचं चांगलंच वाजलं. मी म्हणालो, "मामा, पुढे स्टिअरिंगपाशी बसवा. उडाला तर हाताशी राहील."

"मास्तर, केबल मागं पत्र्याला लागली तर पुढच्या फ्यूजला कोन सांगायला जानार? बॅटरीपासून एक वीत. त्याच्या पुढं मी जानार नाय."

हव्या जाडीची फ्यूजची पट्टी मुंबईहून यायची होती. ती येईपर्यंत गाडीची चावी मामांच्या खिशात. लग्नाच्या आदल्या दिवशी पट्टी बसली आणि मी तणतणत गाडी घरी आणली.

सकाळी ठाण्याला निघालो. मागे नटलेली बहीण आणि आई, डिकीत रुखवताची भांडी. तांब्याचा हंडा मीच कोंबला होता, नेमका केबलवर. घोडबंदरच्या खड्ड्यांत हॉर्न एकाएकी मुका झाला; इंजिन डिझेलचं, ते विजेवाचून चालत राहिलं. गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली. हंड्याच्या काठाने पाइप कापला होता, केबल कापली होती. केबलची तार हंड्याला आणि हंडा पत्र्याला. खाली डिझेलची टाकी, हातभर पुढे माझी बहीण. आणि जळलं काय होतं? नाण्याएवढा एक डाग. वितीवरचा फ्यूज वितळून मोकळा झाला होता. रस्त्यातच मला हसू फुटलं.

फ्यूजशेजारीच मामांनी दुसरी पट्टी आणि चिकटपट्टी बांधून ठेवलेली होती. इंजिन बंद केलं, केबल गुंडाळली, पट्टी बदलली. हंडा आईच्या मांडीवर गेला. मुहूर्ताला वीस मिनिटं असताना मी हॉर्न वाजवत मांडवाच्या दारात पोचलो.

दुसऱ्या दिवशी पेढे आणि तो वितळलेला फ्यूज घेऊन दुकानात गेलो, घडलं ते मामांना सांगितलं.

"हंडा कोनी ठेवला?"

"मीच."

अख्ख्या रिक्षा स्टँडदेखत मामांनी माझी हजेरी घेतली. मग हळूच विचारलं, "पोरगी बरी हाय ना?" मी मान डोलावली, तशी दारातली लिंबू-मिरची काढून त्यांनी तिथे तो फ्यूज टांगला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दाखवताना मामांची छाती फुगलेली मी कितीदा पाहिली.

मामा गेले तेव्हा बहीण दोन्ही मुलांना घेऊन आली. त्यांच्या अंगणातल्या बायकांनी तिला विचारलं, "तुमचे कोन लागायचे?"

ती म्हणाली, "यांनी माझं लग्न लावलं."