मामांची धायटी

कामतघर भागातच काय, अख्ख्या भिवंडीत एका झुडपाला भेटायला इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. मामांनी सारी उमर पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून, लूम दुरुस्त करत काढली. लूम कुरकुरला की दारातूनच आवाज ऐकून कुठला भाग बिघडलाय ते सांगायचे. अकलोलीच्या पुढे, डोंगराला लागून आमचा वडिलोपार्जित माळ आहे. त्याच्या बांधावर धायटीची दहा-बारा झुडपं होती. एरवी कुणी ढुंकून पाहणार नाही अशी. पण माघ-फाल्गुनात फांदीफांदीला लालभडक, बारीक, जराशा वाकलेल्या नळीसारख्या फुलांचे घोस लागायचे. मामा निवृत्त झाले त्या वर्षी मी त्यांना सहज तिथे नेलं, आणि त्यांना उरलेल्या आयुष्याचं काम मिळालं.

भेटीचे नियम कडक होते. दोन वळणं आधीच रिक्षाचं इंजिन बंद करायचं, नाहीतर मध प्यायला आलेली शिंजीर पाखरं उडतात. एकदा रिक्षावाल्याला वाटलं, पुढे देवस्थान आहे. बिचारा चपला काढून, हात जोडून मामांच्या मागोमाग चालत आला. झुडपाशी मामा हिंदीतच बोलत, कारण कामावरच्यांशी त्यांना तीच सवय. "क्या बोलती है? पानी कम पड़ा क्या?" असं विचारून उत्तरासाठी थांबायचेसुद्धा. घरी मामींच्या अशक्तपणासाठी द्राक्षासवाची बाटली आली, तर भिंग लावून त्यातली द्रव्यं वाचली आणि धायटीचं नाव सापडताच म्हणाले, "बघ, तुला बरं कोण करतंय!" मामींनी तेव्हापासून औषध त्यांच्या पाठीमागे घ्यायला सुरुवात केली.

बांधावर मामांची एकच वैरीण होती. पाड्यावरची एक आजी ही फुलं खुडून, वाळवून औषधवाल्या व्यापाऱ्याला विकायची.

"अगं, सगळीच नेतेस? शिंजिरांनी काय खायचं?"

"शिंजिराला काय पोरं शिकवायची हायेत? तुमाला ठेवलंय की येक झाड, त्या कडंला. जा, बोला त्याच्यासंगं हिंदीत."

आणि खरंच, दरवर्षी एक झुडूप ती मामांसाठी न खुडता ठेवायची.

इथपर्यंत मी हसत लिहिलं. पुढचं हसण्यासारखं नाही. तीन वर्षांपूर्वी गोदामासाठी माळ घ्यायला एक जण आला. मोजणी होणार, हद्दीचे दगड दिसले पाहिजेत, झुडपं काढून घ्या, असं त्याने सांगितलं. मी भिवंडीत, टेमघरच्या घरी बसून फोनवर "काढा" म्हणालो. दोन मजुरांनी अर्ध्या दिवसात बांध साफ केला. पुढे तो व्यवहारही फिसकटला. फाल्गुनात मामा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, मी सोबत होतो, आणि सबंध रस्ताभर मला सांगायचं धाडस झालं नाही.

बांधावर नुसते खुंट. आणि समोर नेमकी आजी, कमरेला कोयता.

"तोडलीस शेवटी सरपणासाठी!" मामा ओरडले. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

आजीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी चपलेतला खडा काढायला खाली वाकलो. चपलेत खडा नव्हता.

पुढची दोन वर्षं मामा तिकडे गेले नाहीत. फाल्गुन आला की चाळीच्या गॅलरीत बनियनवर बसून राहायचे. शेवटी यंदा चहा पिता पिता मी सगळं सांगून टाकलं. मामांनी कप खाली ठेवला.

"दोन वर्षं त्या बाईला मी मनातल्या मनात शिव्या घालतोय," ते म्हणाले. "आणि तुम्ही मला काय सांगताय? तिला सांगा. रिक्षा बोलवा."

खुंटांना फुटवे येऊन झुडपं कमरेएवढी झाली होती. फुललीही होती. आजी खुडत होती.

"आजी, ही झुडपं मी तोडायला लावली होती."

"ठावं हाय. तोडनाऱ्यांनी तुमचंच नाव सांगितलं." तिचा हात थांबला नाही. "आमचा कोयता बुडाशी बसतो, तिरका. ह्यो गुडघ्याएवढ्यावर मारलेला घाव आमचा न्हाय. आन् ज्याची फुलं इकून मीठमिरची आनायची, ते झाड चुलीत कोन घालंल?"

लूमचा आजार दारातून ओळखणारे मामा खुंटाजवळ वाकले, बोटाने घाव चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं कुटं, मामा? तुमी सांगितलं."

मामांनी पुढे होऊन तिचा हात न पोचणारी एक फांदी धरून खाली वाकवली. ती खुडू लागली. त्या दिवशी ते झुडपाशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाही. आजीनेच टोपली माझ्यापुढे केली. "धरा. सांडू नका."

मी दोन्ही हातांनी टोपली धरली. ऊन चढत गेलं, टोपली भरत आली. फुलांना वजन ते किती! तरी माझे हात भरून आले होते.