काकाच्या चक्कीतलं पहिलं रोटाचं दळण

माझी माय दारू विकणाऱ्या माणसाच्या सावलीलाही उभी राहत नाही, पण गर्द विकणाऱ्या माणसासाठी तिने पदराने डोळे पुसलेले मी पाहिले आहेत. गर्द विकणारा टीव्हीत होता आणि दारू विकणारा तिचा सख्खा दीर होता, एवढाच काय तो फरक.

टीव्हीतल्या मालिकेचं सांगते. कुठल्यातरी बंदराच्या शहरातला एक माणूस वर्षानुवर्षं नशेची पावडर विकतो, पैसा करतो, आणि एके दिवशी त्याला सगळ्याचा वीट येतो. आता इज्जतीने जगायचं म्हणून तो मासळीबाजाराजवळ बर्फाचा कारखाना टाकतो. पोलिसांचा त्याच्यावर विश्वास नाही, जुने साथीदार पिच्छा सोडत नाहीत, आणि कोळी लोक त्याच्या बर्फाला हात लावत नाहीत. मालिका हिंदीत डब केलेली होती, ओठ एक बोलायचे आणि आवाज दुसराच यायचा, पण मायचं त्यावाचून काही अडलं नाही. ती त्याला 'आपला तो' म्हणायची. भाजी निवडता निवडता मला विचारायची, आपल्या त्याला काल पकडलं का गं?

माझं सासर माहेरापासून दोन गल्ल्यांवर, सुरतेच्या गोडादऱ्यातच. दिवसभर मी मार्केटमधल्या साडीच्या दुकानात मोबाईलसमोर साड्या उलगडून दूरदूरच्या व्यापाऱ्यांना दाखवते. 'मॅडम, जरा पदर दाखवा' हे ऐकून ऐकून संध्याकाळी डोकं उठतं. म्हणून घरी जाण्याआधी माहेरी टेकायचं, चहा घ्यायचा आणि मालिकेचा एक भाग बघायचा, असा माझा नेम झाला होता. आबा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघायचे आणि कधीच काही बोलायचे नाहीत.

आता घरातल्या गुन्हेगाराकडे येते. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, एवढंच. ज्याला हवी त्याला ती पोटलीत मिळते, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत गाठ मारलेली. माझा काका अशा पोटल्या विकायचा. आमच्या भागात लुमच्या खात्यांतून, म्हणजे कापडाच्या कारखान्यांतून, पाळी सुटली की त्याच्याकडे गर्दी व्हायची. शेजारचे गुजराती त्याला बुटलेगर म्हणायचे, आपले लोक त्याला तोंडावर भाऊ म्हणायचे आणि पाठीमागे जे म्हणायचे ते मी लिहीत नाही.

त्याच्या पोटल्यांनी ज्यांची घरं बसली त्यांत आमचंही होतं. आबा खात्यात मास्टर होते, बिघडलेला लुम नुसता आवाज ऐकून दुरुस्त करायचे. पण रोज पिऊ लागले, हात थरथरू लागले आणि मास्टरकी गेली. मग मायने वर्षानुवर्षं घरी बसून साड्यांना लेस लावली आणि आम्हा भावंडांना वाढवलं. पुढे आबांची सुटली, पण मायच्या मनातून काका कायमचा उतरला. भांडणात एकदा आबा म्हणाले होते, “त्यानी ईकी, पन पिधी ते मीच ना.” त्याने विकली खरी, पण प्यालो तर मीच, असं ते म्हणत होते. त्यावर मायने त्यांच्यापुढचं ताट उचलून नेलं होतं.

मायची शिक्षा कशी होती ते समजायला आमची कानबाई माहीत असावी लागते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही खानदेशी लोक सुरतेत काय अन् धुळ्यात काय, कानबाई बसवतो. तिच्या नैवेद्याला रोट करतात. रोटाच्या गव्हात घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घालायची, मग ते दळून त्याच पिठाचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. ज्याच्या नावाची मूठ नाही, तो घराण्यात नाही. बायकांच्या नावाने मूठ नसतेच. मूठ घालतात बायका, रोट लाटतात बायका, आणि लग्न झालेल्या लेकीला त्यातला तुकडाही मिळत नाही. मी दरवर्षी यावरून कुरकुर करते आणि दरवर्षी डबा मीच चक्कीवर नेते.

घराण्यातली थोरली सून म्हणून मूठ घालायचा मान मायचा. काकाने धंदा धरला तेव्हापासून त्याच्या नावाची मूठ तिने गाळली. तिच्या पायाला हात लावून कोणी 'वहिनी, जाऊ द्या' म्हटलं असतं तरी तिने घातली नसती.

दोन वर्षांपूर्वी काकूने माहेरी जाऊन बसायची जुनी धमकी खरी केली, तेव्हा काकाने पोटल्या सोडल्या. काकू परत आली आणि काकाने पोटल्या विकायच्या त्याच खोलीत पिठाची चक्की टाकली. पण चक्कीवर दळायला येणार कोण? बायका लांबच्या चक्कीवर पायपीट करायच्या, पण काकाच्या दारातून डबा पुढे न्यायच्या. एक-दोन बिहारी बिऱ्हाडं आणि एक हॉटेलवाला, एवढंच त्याचं गिऱ्हाईक. मी जाता-येता डोकावायचे. काका स्वच्छ बनियन घालून रिकाम्या चक्कीपुढे बसलेला असायचा आणि मला म्हणायचा, बघ, धूळसुद्धा बसू देत नाही.

यंदा आषाढ सरता सरता मला तिथे कामरेजकडचा एक मोटारसायकलवाला दिसू लागला. पूर्वी काकाला माल पुरवणारा तोच. काकूने मला बाजूला घेऊन सांगितलं की तो रोज येतो, जागा तयार आहे, गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. काकाने त्याला अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. तो काकूला एवढंच म्हणाला होता, की हा श्रावण बघू. रोटाचं दळण कोणीही वाटेल त्या चक्कीवर देत नाही, धुतलेल्या पुसलेल्या चक्कीवरच देतात. आपल्या लोकांनी एकदा रोटाचे गहू टाकले की बाराही महिन्यांचं दळण आपोआप येईल. नाहीच टाकले, तर मग बघू.

ते 'मग बघू' माझ्या छातीत रुतलं. लहानपणी याच काकाने मला खांद्यावर बसवून कानबाईच्या मिरवणुकीत नेलं होतं. तो चांगला माणूस आहे असं मी म्हणत नाही, पण तो माझा काका आहे आणि मला तो परत त्या पोटल्यांत जायला नको होता.

मायला सांगितलं तर म्हणाली, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. मी म्हटलं, आणि तुझ्या बर्फवाल्याचं गं? तो सरळ झालेला तुला चालतो. ती म्हणाली, त्याने माझ्या नवऱ्याला पाजली नव्हती. ते खरंच होतं.

कानबाईच्या आधल्या गुरुवारी मालिकेचा शेवटचा भाग लागला. बर्फवाला कारखान्याच्या दारात उभा, लाद्या तयार, आणि कोळी लोक त्याच्यासमोरून दुसऱ्याचा बर्फ घेऊन जातात. बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं. मग जुन्या साथीदाराची गाडी येते, काच खाली होते आणि तो काही न बोलता आत बसतो. संपलं. गोळीबार नाही, काही नाही. एवढ्यासाठी इतके दिवस बघितली म्हणून मी वैतागले.

माय मात्र पडद्याकडे बघतच राहिली. मग कोळ्यांवर चिडून म्हणाली, मेल्यांनो, एक लादी घेतली असती तर काय बिघडलं असतं तुमचं? आणि तिने उठून टीव्ही बंद केला. आबांनी खुर्चीतून तिच्याकडे पाहिलं. मी तोंडाशी आलेलं वाक्य चहाबरोबर गिळलं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते किती जड गेलं हे माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला जाण्याआधी गेले, तर मायने रोटाचे गहू निवडून डब्यात भरून ठेवले होते. चल, डबा उचल, म्हणाली. नेहमी मी एकटी जाते, त्या दिवशी ती पायात चपला घालून पुढे निघाली. लांबच्या चक्कीकडचं वळण आलं आणि ती वळली नाही. गल्लीतल्या ओट्यांवरच्या बायका आमच्याकडे बघू लागल्या, कारण माय कुठे निघाली हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. निघताना मी डब्यात डोकावले होते आणि मायला विचारलंही होतं, काकाची मूठ घातलीस का? ती म्हणाली होती, दळण वेगळं, मूठ वेगळी.

काकाने वहिनीला दारात पाहिलं आणि तो उठून उभाच राहिला. मायने डबा पुढे सरकवला आणि विचारलं, चक्की धुतलेली आहे ना? काकाला बोलायला जागा मिळाली. धुतली म्हणजे काय, सकाळीच आतून-बाहेरून तापीच्या पाण्याने धुतली, असं तो मोठ्या अभिमानाने म्हणाला आणि डबा चक्कीत ओतून मोटार चालू केली.

चक्की धुतलेली हवी असं बायका म्हणतात, त्याचा अर्थ चक्कीवाला झाडून पुसून घेतो एवढाच. आमच्या काकाने खरोखरच बादल्या ओतल्या होत्या. दगडांनी पाणी पिऊन ठेवलेलं, त्यात श्रावणातली हवा. पीठ खाली येईना. आधी घरघर झाली, मग पट्टा घसरून जळका वास आला, आणि काकाने घाईने बटण बंद करून झाकण उघडलं तर आत दगडांना कणीक चिकटून बसलेली. कानबाईच्या रोटाची कणीक, चक्कीतच मळून तयार.

मला हसू फुटलं असतं, पण काकाचा चेहरा बघून ते विरलं. आयुष्यभर त्याने पोलिसांना झुलवलं होतं आणि इथे तो शाळेतल्या पोरासारखा उभा होता. तो म्हणाला, वहिनी, चुकलं, मी दुसऱ्या चक्कीवर स्वतः नेऊन दळून आणतो. पण दळायला गहू राहिलेच कुठे होते? रोटाचे गहू एकदा वाया गेले की नुसते नवे भरून चालत नाही. पुन्हा पहिल्यापासून एकेकाच्या नावाने मूठ घालावी लागते.

मला वाटलं, आता माय तोंड सोडणार. आणि ती त्या चिकट कणकेकडे पाहून, कितीतरी वर्षांत हसली नव्हती तशी काकासमोर हसली. म्हणाली, अरे, नवी नवरी होऊन आले तेव्हा तू असाच होतास, तांब्याभर पाणी आण म्हटलं की हंडा आणायचास. मग तिने काकूकडे घरातले गहू मागितले. काकूने कोरी परात आणि गव्हाचं पोतं आणलं. काका आणि मी दगड खरवडून, पुसून, पंख्यासमोर ठेवून सुकवायला लागलो. त्यात दुपार झाली. दुकानात मी पोट दुखतंय म्हणून कळवलं.

दगड कोरडे झाले तेव्हा माय परातीपुढे बसली. आबांच्या नावाची मूठ घातली, वर चिमूटभर. माझ्या भावाच्या नावाची घातली, पुतण्यांच्या, गावाकडच्या चुलत दिरांच्या घातल्या. काका चक्कीच्या पट्ट्याशी उगाच काहीतरी करत पाठमोरा उभा होता, ऐकत नसल्यासारखा. नावं संपली. मायचा हात परातीवर थांबला. मग तिने पुन्हा पोत्यात हात घातला आणि मूठ भरली.

“भाऊ, आठे देख,” ती म्हणाली. “हाई मूठ तुनी.”

काका वळला. परातीत पडणारे गहू त्याने बघितले आणि बनियनच्या कडेने तोंड पुसलं. काकू आत निघून गेली. मी मात्र उघड रडले, मला लाज नाही. ते दळण काकाने उभ्याने दळलं, एक क्षण बसला नाही. डबा परत नेताना गल्लीतल्या बायका तशाच ओट्यांवर होत्या. त्यांतल्या एकीने मायला विचारलं, बारीक दळतो का गं? माय म्हणाली, जाऊन बघ की.

संध्याकाळपर्यंत काकाच्या दारात डबे लागले. प्रत्येक घराण्याचं दळण वेगळं, मध्ये चक्की पुसायची, त्यामुळे त्याला जेवायला फुरसत नव्हती. कामरेजवाला येऊन मोटारसायकल चालूच ठेवून थोडा वेळ उभा राहिला. काकाने पिठाने पांढरा झालेला हात वर करून त्याला जायची खूण केली. तो गेला. पुन्हा येणार नाही असं नाही, पण त्या दिवशी गेला.

रविवारी मायच्या घरी रोटाची पंगत बसली. मी लेक, म्हणून माझ्या वाटीत नुसती खीर. आबांच्या शेजारचा पाट मायने स्वतः मांडला होता. काका आला, पाटावर बसला, आणि कितीतरी वेळ रोटाला हातच लावेना. आबांनी आपल्या ताटातल्या रोटाचा तुकडा मोडला आणि त्याच्यापुढे ठेवला. तेव्हा कुठे तो जेवू लागला. दोन घास झाल्यावर मायकडे न बघता आपल्या दळणाबद्दल म्हणाला, “जाडं दयाई गयं, वहिनी.”

माय त्याला वाढत होती. तिने वर पाहिलं नाही, हातही थांबवला नाही.

“पुढला साले बारीक दयजो,” ती म्हणाली.