कळंबच्या लॅबमधला पासवर्ड

“पासवर्ड चुकीचा आहे,” असं नव्या कॉम्प्युटरनं पुन्हा दाखवलं.

कळंबच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी डोकं धरून बसलो होतो. लॅबचं सॉफ्टवेअर जावा भाषेत कुणीतरी आधीच लिहिलेलं, माझ्याकडे फक्त देखभाल. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा आणला, आणि बॅकअपमधले रिपोर्ट त्यावर उघडेनात. बाहेर बाकड्यावर मेहबूबचाचा बसले होते. त्यांच्या गाठीचा जुना रिपोर्ट बघितल्याशिवाय सोलापूरचे सर्जन ऑपरेशनला तयार नव्हते, आणि घरचा कागद हरवलेला.

“साहेब, दुपारची गाडी सापडंल ना?” चाचांनी विचारलं.

“सापडंल, चाचा,” मी म्हणालो. मला काहीच उमजत नव्हतं.

लॅबचे डॉक्टर ठाम होते. “पासवर्ड ‘खंडोबा’च हाय. अणदूरहून दर्शन करून आलो तवा मीच ठेवला.” (आता बदललाय, म्हणून सांगतो.)

फाइलला कुलूप लावायला आम्ही क्रिप्टोग्राफीची तयार लायब्ररी घेतो. म्हणजे जाणकारांनी घडवलेली पक्की कुलपं. पासवर्डच्या अक्षरांचे आधी आकडे करायचे, आकड्यांवरून किल्ली बनते. कुलूप उत्तम होतं. मग किल्ली का लागेना?

मी माझा लॅपटॉप काढून बॅकअप त्यावर घेतला. त्यात जुनंच जावा होतं.

“सरका जरा,” डॉक्टर वैतागले. “मधी ‘तुळजाई’ ठेवला असंल तर?” त्यांनी माझ्या लॅपटॉपवर टाइप केलं. रिपोर्ट उघडला.

प्रिंट घेऊन चाचा स्टँडकडे गेले. माझा जीव भांड्यात पडला. मग सहज ‘खंडोबा’ टाकून बघितला, तर तोही चालला. नव्या कॉम्प्युटरवर मात्र दोन्ही नापास. एका कुलपाला दोन किल्ल्या कशा?

शेवटी कोड वाचला. अक्षरांचे आकडे कसे करायचे, हे लिहिणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. इंग्रजी विंडोजवर जुन्या जावाला देवनागरी कळेना, म्हणून ते प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वाराच्या जागी मुकाट्यानं प्रश्नचिन्ह ठेवायचं. नव्या जावाला देवनागरी कळते, म्हणून तिथं किल्ली वेगळी बनत होती. जुनी किल्ली म्हणजे नुसती प्रश्नचिन्हांची रांग: मात्रा-अनुस्वार धरून ‘खंडोबा’ची सहा, ‘तुळजाई’चीही सहा. तेवढ्याच लांबीचा कुठलाही मराठी शब्द चालणार. मी ‘टोमॅटो’ टाकला. उघडलं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. “म्हंजे लोकांचे रिपोर्ट टोमॅटोनं बी उघडत हुते?”

“व्हय.”

“मग आजवर कुलूप हुतं का न्हवतं?”

त्याच दिवशी सगळे रिपोर्ट उघडून नव्यानं नीट कुलूपबंद केले.

बरोबर पासवर्डनं फाइल उघडते का, हे सगळेच बघतात. मी हल्ली चुकीचे पासवर्ड आधी टाकतो.