शाल नको, भिंत द्या

"पाहिलं तर हात वर. वाटलं तर नाही."

नव्या पंचांना ते एवढंच शिकवत, आणि शिकवताना स्वतःचा उजवा हात असा ताठ वर करत की बाजूच्याने आपलं डोकं सांभाळावं.

तंजावरकडच्या मराठी घरातले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. चेन्नईतल्या पोहण्याच्या स्पर्धांत तलावाच्या भिंतीशी उभं राहायचं आणि ब्रेस्टस्ट्रोकची मुलं वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लावतात का ते बघायचं, हे त्यांचं काम. एका हाताने शिवलं की पंचाचा हात वर आणि मूल बाद. मी वेलचेरीहून मुलीला घेऊन जायचो, म्हणून मलाही वेळ मोजायला धरलं होतं. माझी नजर मुलीच्या मागे गेली की ते ओरडत, "काय बघूलागलास? पाणी बघ, पाणी!" त्यांच्या जुन्या मराठीचं मला हसू येई, आणि माझ्या पुणेरीचं त्यांना.

एकदा शर्यत संपताच ते मुख्य पंचांकडे गेले. "चौथ्या लेनचं वळण मला दिसलं नाही. मला काढा तिथून." गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. मोतीबिंदू होता. माणसाने इतकं सरळ असावं का, म्हणून मला त्यांचा रागच आला.

ऑपरेशन करून ते परतले, तर संघटनेने शाल आणून ठेवलेली. ही शाल तुम्हीही पाहिली असेल. एकदा खांद्यावर पडली की माणसाने पुढच्या रांगेत बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. यांनी तिची घडी घालून खुर्चीवर ठेवली. "चेन्नईत शाल कशाला? भिंत द्या."

"सार, वयाचा विचार करा," सचिव हात जोडून म्हणाले.

"डोळ्यांचा करा. परीक्षा घ्या."

घेतली. काही मुलांना पाण्यात उतरवलं आणि कुणी एकाच हाताने शिवायचं ते गुपचूप सांगून ठेवलं. सगळे गंमत बघायला जमले. ते कमरेत वाकून उभे राहिले आणि एकदाही चुकले नाहीत. सचिवांनी त्यांना चौथी लेन दिली.

त्याच दुपारी त्या लेनमध्ये माझी मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणाला त्यांचा हात वर गेला.

ती रडत त्यांच्यापुढे उभी राहिली. "तात्ता, खरंच पाहिलं?" तात्ता म्हणजे तमिळमध्ये आजोबा; ती त्यांना तसंच म्हणायची.

"पाहिलं, कण्णा. डावा हात मागे राहिला." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण शब्द मागे घेतला नाही. पोरीची शर्यत गेली म्हणून मला वाईट वाटलं, आणि म्हाताऱ्याला त्याची जागा परत मिळाली म्हणून बरंही वाटलं.

गेल्या वर्षी ते गेले. आता तिथे दुसरे पंच असतात, अधूनमधून मोबाइल बघतात. परवा मी मुलीला म्हणालो, "हे काही नीट बघत नाहीत."

टॉवेलने केस पुसत ती म्हणाली, "नाही बघितलं तर काय झालं, बाबा? मी दोन्ही हात लावते."